परतवाड्याची वेळ : वऱ्हाडातील कालनोंद आणि प्रमाणवेळेचे अंतर

जुन्या दप्तरात ‘सकाळचे दहा’ असा उल्लेख आढळला म्हणजे अभ्यासक सहसा तेथे थांबत नाही. दहा म्हणजे दहा, असे गृहीत धरून तो पुढे जातो. वस्तुतः हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. परतवाडा हे गाव ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे ७७ अंश ३१ कला रेखांशावर वसलेले आहे. त्यामुळे तेथील स्थानिक मध्यम वेळ ग्रीनिचपेक्षा ५ तास १० मिनिटांनी पुढे असते. इ. स. १८६५ मध्ये परतवाड्याच्या छावणीत सूर्यावरून लावलेल्या घड्याळात दहा वाजले, तेव्हा ग्रीनिच येथे ४ वाजून ५० मिनिटे झाली असत. इ. स. १८९५ मध्ये आगगाडीच्या वेळापत्रकातील दहा म्हणजे ग्रीनिचचे ४ वाजून ३९ मिनिटे. इ. स. १९१० मधील दहा म्हणजे साडेचार, आणि इ. स. १९४३ मधील दहा म्हणजे केवळ साडेतीन. एकाच गावी, एकाच शब्दांनी लिहिलेल्या वेळेत ऐंशी मिनिटांचा फरक पडतो. लेखकाने लिहिताना चूक केली म्हणून हा फरक पडत नाही. घड्याळ कोणत्या याम्योत्तरवृत्ताला बांधलेले आहे, हे लिहिण्याची त्यास गरज भासली नाही, म्हणून तो पडतो.

संगणकाच्या आज्ञावलीत दिनांक व वेळ यांचे मूल्य निर्माण करताना नेमकी हीच गरज नव्याने उपस्थित होते. घड्याळातील आकडा आणि त्या घड्याळाचे जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर या दोन गोष्टी एकत्र दिल्याखेरीज काळाचा क्षण निश्चित होत नाही. या अंतरास संगणकशास्त्रात ‘ऑफसेट’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘वेळांतर’ हा शब्द योजला आहे. कल्पना मात्र संगणकाइतकी नवी नाही, आणि तिचा एक धागा थेट वऱ्हाडातून जातो.

भारतीय ज्योतिषग्रंथांत या कल्पनेस ‘देशांतर’ अशी संज्ञा आहे. लंकेपासून उज्जयिनी व कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत जाणारी रेषा ही मध्यरेषा मानून ग्रहांची मध्यम स्थिती त्या रेषेसाठी काढावयाची, आणि मग आपल्या गावासाठी देशांतरसंस्कार करावयाचा, अशी पद्धती होती. गाव मध्यरेषेच्या पूर्वेस असल्यास संस्कार ऋण, पश्चिमेस असल्यास धन. पूर्वेकडे सूर्योदय आधी होतो. म्हणून तेथील उदयकालची ग्रहस्थिती मध्यरेषेवरील स्थितीपेक्षा थोडी मागची असते. स्थानिक वेळेवरून जागतिक वेळ काढताना पूर्वेकडील देशांनी वेळांतर वजा करावयाचे, हा आजचा नियम याच न्यायाने चालतो.

उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला धरल्यास परतवाडा तेथून १ अंश ४५ कला पूर्वेस येतो. एका अंशास दहा पळे या हिशेबाने परतवाड्याचे देशांतर सुमारे साडेसतरा पळे, म्हणजे सात मिनिटे, इतके होते. हे अंतर कसे ओळखावे, याची रीतही सूर्यसिद्धांतात दिलेली आहे. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर चंद्रग्रहणाचा प्रसंग दिसला तर आपण रेषेच्या पूर्वेस आहोत, आधी दिसला तर पश्चिमेस. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी घडते आणि घटिकापात्रे मात्र निरनिराळी वेळ दाखवितात, या साध्या गोष्टीचा हा उपयोग आहे.

सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्याने महाभास्करीयात मध्यरेषेवरील स्थळांची जी यादी दिली आहे, तीत अवंतीबरोबर ‘वात्स्यगुल्म’ हे नाव येते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम होय. अर्थात एकेकाळी ज्योतिषाचा शून्य रेखांश वऱ्हाडातून जातो असे मानले जात होते. आजच्या मापाने वाशीम उज्जैनच्या १ अंश २२ कला पूर्वेस आहे. म्हणजे साडेपाच मिनिटांची चूक. पायवाटांच्या योजनांवरून आणि ग्रहणांवरून अंतरे ठरविणाऱ्या काळात एवढी चूक क्षम्य मानावी लागेल.

सूर्यसिद्धांतातील आणखी एक नियम येथे नोंदविण्यासारखा आहे. वाराचा आरंभ प्रत्येक गावाच्या मध्यरात्री होत नाही, तर मध्यरेषेवरील मध्यरात्री सर्व पृथ्वीवर एकदम होतो. म्हणून पूर्वेकडील गावी तो स्थानिक मध्यरात्रीनंतर देशांतराइतक्या घटीपळांनी होतो, असे तेथे सांगितले आहे. त्या हिशेबाने परतवाड्याचा सोमवार मध्यरात्रीनंतर साडेसतरा पळांनी सुरू व्हावयास हवा. गावच्या जोश्याने हा नियम कधी व्यवहारात आणला नाही. त्याचा वार सूर्योदयालाच सुरू होत असे, आणि मंगळवारची पहाट तिन्ही प्रहर उलटून गेले तरी सोमवारचीच रात्र राहत असे. तथापि सर्व जगाचा दिवस एका रेषेवरील मध्यरात्रीने बदलावा, ही सूर्यसिद्धांताची कल्पना आणि संगणकातील जागतिक दिनांकाची कल्पना तत्त्वतः एकच आहे. तिचे व्यवहारातील परिणाम काय होतात, ते पुढे दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडात दिवसाच्या आरंभाबाबतही एकवाक्यता नव्हती. जन्मपत्रिकेत इष्टकाल सूर्योदयापासून घटीपळांत लिहिला जाई. अचलपुरात मुसलमान वस्ती मोठी, आणि हिजरी दिनांक सूर्यास्ताला बदलतो. महसुली दप्तर फसली सनावर चाले. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिल्यावर कचेरीत इसवी सन आणि मध्यरात्रीला बदलणारी तारीख रूढ झाली. जुम्मेरातची रात्र सुरू झाली असता पंचांगातील बुधवार अजून चालू आहे आणि कचेरीची तारीखही बदललेली नाही, अशी स्थिती दर आठवड्यास अचलपुरात येत असे. व्यवहारात यामुळे घोटाळा फारसा होत नसे, कारण प्रत्येक नोंद आपापल्या दप्तरातच वाचली जाई. दप्तरे एकमेकांशी जोडावयाची वेळ आली की मग अडचण उत्पन्न होते.

अशी पहिली मोठी जोडणी आगगाडीने केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग इ. स. १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि बडनेऱ्यावरून अमरावतीची कापसाची पेठ मुंबईशी जोडली गेली. इ. स. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता यांच्यामध्येही अखंड लोहमार्ग झाला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. एकाच मार्गाच्या दोन टोकांस तासाभराहून अधिक फरक असल्यावर वेळापत्रक कोणाच्या घड्याळाने छापावे, हा प्रश्न आलाच. मद्रास येथे इ. स. १७९२ पासून वेधशाळा होती, आणि तिची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, दोन्ही शहरांच्या जवळजवळ मध्ये पडत होती. म्हणून सुमारे इ. स. १८७० पासून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली.

परतवाड्यास या व्यवस्थेचा स्पर्श दुरूनच झाला. एलिचपूरची लष्करी छावणी व दिवाणी ठाणे येथे असले तरी आगगाडी पन्नास किलोमीटर दूर अमरावतीस होती. तेथे जाणाऱ्यास आपल्या गावच्या वेळेत अकरा मिनिटे मिळवूनच गाडीची वेळ धरावी लागे. अकरा मिनिटे ही बैलगाडीच्या प्रवासात नगण्य. पण फलाटावर उभी असलेली गाडी तेवढ्यात निघून जाते. मूर्तिजापूरहून एलिचपूरपर्यंतचा अरुंद लोहमार्ग, जो पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या ओठी बसला, इ. स. १९१३ मध्ये सुरू झाला. तोवर मद्रासची वेळ इतिहासजमा झालेली होती. अर्थात परतवाड्याच्या फलाटावर मद्रासची वेळ कधीच लागली नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, आणि तिचे कारण संगणकाच्या कोष्टकाचा विचार करताना स्पष्ट होईल.

एका वेळेचा आग्रह सर्वत्र सुखाने स्वीकारला गेला नाही. इ. स. १८८१ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरात मद्रासची वेळ चालू केली. लोकांच्या विरोधामुळे इ. स. १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. इ. स. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचचे याम्योत्तरवृत्त शून्य रेखांश म्हणून मान्य झाले, आणि १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थान सरकारने साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रीनिचपुढे साडेपाच तास असलेली प्रमाणवेळ लागू केली. रेल्वेची घड्याळे त्या दिवशी सुमारे नऊ मिनिटे पुढे गेली; मुंबईच्या स्थानिक घड्याळांस एकोणचाळीस मिनिटांची उडी घ्यावी लागली असती. मुंबई महापालिकेने नवी वेळ काही महिन्यांतच टाकून दिली आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ ‘मुंबई वेळ’ सांभाळली. वंगभंगानंतरच्या त्या वर्षात सरकारी घड्याळास विरोध करणे म्हणजे सरकारला विरोध करणे होते. कलकत्त्यातही जुनी वेळ इ. स. १९४८ पर्यंत टिकली.

परतवाड्याच्या वाट्यास वीस मिनिटांचा बदल आला. त्याच सुमारास त्या गावाचे दैवही फिरले होते. इ. स. १९०२ मध्ये वऱ्हाड कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, १९०३ मध्ये मध्यप्रांताशी जोडले गेले, आणि १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन करण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे हरवलेल्या गावात वीस मिनिटांसाठी कोण भांडणार!

दुसऱ्या महायुद्धात मात्र बदल मिनिटांचा राहिला नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून सर्व देशाची घड्याळे एक तास पुढे करण्यात आली आणि १५ ऑक्टोबर १९४५ रोजी ती पूर्ववत झाली. या तीन वर्षांत देशाचे वेळांतर साडेसहा तास होते. परतवाड्यात सूर्य माथ्यावर येई, तेव्हा घड्याळात दुपारचा सुमारे १ वाजून २० मिनिटे झालेली असत. त्या काळात जन्मलेल्यांच्या पत्रिका करताना ज्योतिषी आजही एक तास वजा करतात. इतर बहुतेक व्यवहारांतून युद्धकाळाची ही स्मृती पुसली गेली आहे.

संगणकाच्या कोष्टकात ती पुसली गेलेली नाही. जगातील बहुतेक संगणक आज ज्या कालविभाग-कोष्टकाचा आधार घेतात, ते अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केले आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळले. त्यात प्रत्येक विभागास एका शहराचे नाव आहे; भारताचा विभाग पूर्वी ‘एशिया/कॅलकटा’ या नावाने होता, इ. स. २००८ पासून ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. त्या नावाखाली कलकत्त्याची स्थानिक वेळ, इ. स. १८७० पासून मद्रासची वेळ, १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आणि युद्धकाळातील वाढीव तास, हे सर्व क्रमाने लिहिलेले आहे. जुन्या नोंदींसाठी या कोष्टकाने एका फलज्योतिषविषयक नकाशासंग्रहाचा बराच उपयोग केला होता. त्यावरून ‘ॲस्ट्रोलेब’ या फलज्योतिषाची आज्ञावली विकणाऱ्या कंपनीने इ. स. २०११ मध्ये ओल्सन व एगर्ट यांच्यावर दावा लावला आणि २०१२ मध्ये तो मागे घेतला. कोष्टकाची व्यवस्था तेव्हापासून इंटरनेटच्या नामसंस्थेकडे आहे. जन्मवेळेची काळजी वाहणाऱ्यांनी जमविलेली माहिती साऱ्या जगाच्या यंत्रांच्या पोटात गेली, ही घटना गावजोश्यास आश्चर्याची वाटली नसती.

या कोष्टकाची मर्यादा त्याच्या संपादकांनीच सांगितलेली आहे. विभाग पाडताना इ. स. १९७० नंतरचे ऐक्य पाहिले जाते; त्यापूर्वीची माहिती त्या एका शहरापुरती समजावयाची. म्हणून ‘एशिया/कोलकाता’ या नावाने परतवाड्याची इ. स. १८८० मधील वेळ निर्माण केली, तर यंत्र तीस मद्रासची वेळ समजते. छावणीतील किंवा गावातील नोंदीस ती लागू नाही. तेथे विभागाचे नाव टाकून ५ तास १० मिनिटांचे वेळांतर स्वतः लिहिणे हाच मार्ग आहे. उलट बडनेऱ्याच्या स्थानकावरील नोंद असेल, तर मद्रासचे वेळांतर योग्य. पण मग आणखी एक अडचण येते. इंटरनेटवरील वेळलेखनासाठी इ. स. २००२ मध्ये ठरलेल्या संकेतात वेळांतर तास व मिनिटे एवढ्यातच लिहिता येते. मद्रासचे शेवटचे दहा सेकंद त्यात मावत नाहीत. जावा या भाषेत आणि पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून पुढे सेकंदांसह वेळांतर देता येते. परंतु लिहून दुसरीकडे पाठविताना ते टिकेलच असे नाही.

कलकत्त्याच्या जुन्या वेळेने आजच्या व्यवहारातही डोके वर काढलेले आहे. पायथॉनमधील ‘पायटीझेड’ या जुन्या ग्रंथालयातून भारताचा विभाग घेऊन तो वेळ निर्माण करणाऱ्या आज्ञेस सरळ जोडला, तर साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटांचे वेळांतर लागते. दिनांक कोणता आहे, हे त्या क्षणी विभागास कळत नाही, आणि तो आपल्या यादीतील पहिली, म्हणजे सर्वांत जुनी नोंद पुढे करतो. परतवाड्यातील सकाळी दहाची सभा अशा रीतीने नोंदविली, तर ती प्रमाणवेळेच्या ९ वाजून ३७ मिनिटांची ठरते. यावरील उपाय त्या ग्रंथालयातच वेगळ्या आज्ञेच्या रूपाने दिलेला होता, आणि इ. स. २०२० मधील पायथॉन ३.९ मध्ये आलेल्या ‘झोनइन्फो’ने हा दोष मुळातच टाळला. तेवीस मिनिटांची चूक पाहून गोंधळणाऱ्या नवशिक्यास ती मुळात रेल्वेपूर्व कलकत्त्याची वेळ आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

चिन्हांचा घोटाळाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रचलित आंतरराष्ट्रीय लेखनात भारताचे वेळांतर धन साडेपाच असे लिहितात. जावास्क्रिप्टला तेच विचारले असता ती उणे ३३० मिनिटे असे उत्तर देते, आणि युनिक्सच्या जुन्या संकेतातही पूर्वेकडील देशांस ऋण चिन्ह आहे. येथे कोणतेही एक चिन्ह चूक म्हणता येत नाही. एक संकेत ‘आपण किती पुढे’ हे सांगतो, दुसरा ‘मूळ वेळेस येण्यास किती मिळवावे’ हे सांगतो. देशांतरसंस्कार ऋण मानणारे सिद्धांतकार दुसऱ्या पक्षाचे होत.

या सर्व चर्चेचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. विदर्भातील गावोगावची कोतवाल बुके, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, आज जातीच्या दाव्यांत पुरावा म्हणून काढल्या जातात, आणि असे दप्तर संगणकावर उतरविण्याचे काम चालू आहे. तेथे दिनांकाचा एक दिवस इकडेतिकडे झाला, तर मूळ वही व दाखला यांत विसंगती निर्माण होते आणि तिचा भार अर्जदारावर पडतो. विसंगती दोन वाटांनी शिरते. केवळ जन्मदिनांक माहीत असता आज्ञावली त्यास आपणहून मध्यरात्रीची वेळ जोडते, ही पहिली वाट. २० जुलै १९६५ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेने १९ जुलैची सायंकाळी साडेसहाची वेळ. तिच्यातील तास गाळून दिनांक तेवढा ठेवला की जन्म एक दिवस आधीचा ठरतो. सूर्यसिद्धांताचा नियम अक्षरशः पाळला असता जे घडले असते, तेच येथे ग्रीनिचच्या रेषेमुळे घडते. ज्यास वेळ नाही अशा दिनांकास वेळांतर चिकटवूच नये, तो नुसता दिनांक म्हणूनच साठवावा, हेच यातून निष्पन्न होते.

दुसरी वाट युद्धकाळातून जाते. रुग्णालयाच्या वहीत २० जुलै १९४३, रात्री ११ वाजून ४० मिनिटे, असा जन्म लिहिलेला आहे असे समजू. उतरविणाऱ्याने भारताचे म्हणून साडेपाच तासांचे वेळांतर जोडले, तर जागतिक वेळ २० जुलैची १८ वाजून १० मिनिटे अशी साठविली जाते. पुढे दुसऱ्या आज्ञावलीने तीच वेळ विभागाच्या नावाने परत काढली, की कोष्टक युद्धकाळाचे साडेसहा तास मिळविते आणि पडद्यावर २१ जुलै, मध्यरात्रीनंतर ४० मिनिटे, असे दिसते. दोन्ही आज्ञावल्या आपापल्या परीने बरोबर आहेत. वेळांतर एकाने हाताने दिले आणि दुसऱ्याने इतिहासावरून, एवढाच फरक. काही कोशव्यवस्थांत, उदाहरणार्थ पोस्टग्रेसमध्ये, वेळांतरासह दिलेली वेळ साठविताना जागतिक वेळेत रूपांतरित केली जाते आणि मूळ वेळांतर टाकून दिले जाते. अशा ठिकाणी पहिल्या लेखकाने काय दिले होते, हे नंतर कळण्यास मार्ग राहत नाही. म्हणून वहीतील मूळ शब्द, जोडलेले वेळांतर आणि ते कोणत्या आधाराने जोडले ती टीप, ही तिन्ही स्वतंत्र रकान्यांत ठेवणे इतिहासाच्या दृष्टीने इष्ट होय.

युद्धकाळाच्या दोन टोकांवरील तास याहून चमत्कारिक आहेत. कोष्टकाप्रमाणे १ सप्टेंबर १९४२ ला मध्यरात्रीनंतरचा पहिला तास झालाच नाही. त्या तासातील वेळ निर्माण करू पाहिल्यास काही भाषा ती निमूटपणे पुढे ढकलतात. १४ ऑक्टोबर १९४५ च्या रात्री ११ ते १२ हा तास मात्र दोनदा झाला. त्या रात्री साडेअकराला झालेले दोन जन्म एका तासाच्या अंतराचे असू शकतात, आणि वहीत दोन्ही वेळा एकसारख्याच दिसतील. पहिल्यास साडेसहा तासांचे वेळांतर जोडावे लागेल, दुसऱ्यास साडेपाच तासांचे. पायथॉनने इ. स. २०१६ मध्ये ३.६ या आवृत्तीत अशा दुबार तासासाठी एक स्वतंत्र खूण वेळेच्या मूल्यातच घातली. शून्य म्हणजे पहिली फेरी, एक म्हणजे दुसरी. वहीत सुईणीने किंवा कारकुनाने फेरी लिहिलेली नसते. मूल आधी जन्मले की घड्याळ आधी मागे गेले, हे ठरविण्यास त्या पानावरील वरच्या व खालच्या नोंदींचा क्रम तेवढा उपयोगी पडतो, आणि संगणकावर उतरविताना नोंदी नावांच्या वर्णानुक्रमाने लावल्या तर तोही नाहीसा होतो.